अंगी न लागलेली लस

दवाखान्याच्या लॅबमध्ये रोज दुसऱ्यांचं रक्त काढायचं, म्हणून मी हिपॅटायटिस बीच्या लशीचे सगळे डोस घेतले होते. संरक्षण तयार झालंय का ते बघायला माझंच रक्त तपासलं, तर जवळपास काहीच नाही. खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणतात ना, तशी माझी लस अंगी लागली नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मला रागच आला. लशीचा आणि घराचा काय संबंध? "ठीक आहे," म्हटलं आणि तिथेच रडायला लागले.

मसुऱ्याच्या घरी मी आणि बाबा, दोघंच; बाबा आणि त्यांचं चेडू, म्हणजे लाडकी लेक. जन्मभर मास्तरकी केलेले बाबा आता सगळं विसरत चालले होते. शाळा भरायची वेळ झाली म्हणून कडी काढून निघायचे, ते थेट नदीच्या वाटेला. दिवसा एक बाई ठेवली होती, तरी माझा जीव त्या कडीत अडकलेला. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. झोप कधीच उडाली होती. लोकांकडे सल्ले ढीगभर, पण बाबांजवळ एक दुपार बसायला कोणाला सवड नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. पण शरीर सतत धास्तावलेलं असलं, झोप नसली, तर ती ओळख नीट पटत नाही. तुमच्या बाबतीत हेच कारण, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. काहींना उगाचच प्रतिसाद कमी येतो. पण आधी झोपा. मग पुन्हा डोस घेऊ."

कसालला राहणाऱ्या दादाला कळलं तसा तो गाडी घेऊनच आला. "तू आधी बरी रव गो. बाबांक मी न्हेतंय कसालाक."

बाबा गाडीत बसले आणि मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला अजून चीड येते.

झोप लागू लागली. पुन्हा डोस घेतले, पुन्हा रक्त तपासलं. या वेळी रिपोर्ट उत्तम. ताण गेला म्हणून की डोस वाढले म्हणून, कोण सांगणार? आनंदाने कसाल गाठलं. दिवेलागणीची वेळ होती.

"बसा बाई," बाबा म्हणाले. पाहुणीला म्हणावं तसं.

मग ते देव्हाऱ्यापुढे उभे राहिले आणि हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालू लागले. एवढं मात्र ते विसरले नव्हते. "बा देवा महाराजा, माजा चेडू खंय गेला ता माका गावना नाय. वाट चुकला आसात. तेका सुखरूप घराक हाड रे महाराजा."

गाऱ्हाण्याला घरातल्या सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. दादा-वहिनी खालमानेने म्हणाले, "व्हय महाराजा."

मीही म्हणाले.