पिराजीनं खोडलेली तिसरी ओळ

बंगळुरात पीण्या भागातल्या कारखान्यांच्या शेडांमध्ये जुनं यंत्र अडलं की पिराजीला बोलावणं जाई. मूळचा निपाणीचा, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, घर बनशंकरीत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांत एक काळी चिप असते. कोणती कळ दाबल्यावर काय हलायचं, याचे नियम तिच्यात कुणीतरी भरून ठेवलेले असतात. यंत्र बनवणारे गेले, कागद वाळवीनं खाल्ले. पिराजी ती चिप वाचून नियम वहीत उतरवी आणि नव्या चिपेत भरी. हात सोन्याचा. तोंडाविषयी न बोललेलं बरं. इलेक्ट्रॉनिक सिटीतले इंजिनिअर त्याच्या लेखी कारकून, आणि जुने सगळे गाढव.

जयतीर्थच्या शेडमधल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसची चिप मरायला टेकली, तेव्हा ती वाचून पिराजी खो खो हसला. वरचा ठोकळा अडवून धरायला तीन ओळी होत्या. हात आत जाऊ नये म्हणून पुढं असलेली जाळी उघडी असेल तर धर. जाळी बंद असून कळ दाबलेली नसेल तर धर. आणि तिसरी : कळ दाबलेली नसेल तर धर, जाळी कशीही असो.

"पहिल्या दोघींत सगळं आलं की! कुण्या बृहस्पतीचं काम हे?" असं म्हणत त्यानं तिसरीवर काट मारली आणि नवी चिप बसवून दिली.

दुसऱ्याच दिवशी प्रेमाक्का म्हणाली, "अण्णा, जाळी ओढताना प्रेस स्वल्प दचकतंय." वीस वर्षं ती त्या प्रेसवर होती.

"यंत्र दचकत नाही, अक्का. माणसं दचकतात," पिराजी म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

चौथ्या दिवशी प्रेमाक्काच्या हातमोज्याचं टोक ठोकळ्याखाली चेपलं. बोट वाचलं, नख काळं पडलं. जाळी पुरती बंद व्हायच्या वीतभर आधीच तिचा खटका लागतो, एवढीही चौकशी पिराजीनं केली नव्हती.

वही उघडून त्यानं तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. जाळी लागताना पहिली ओळ सोडते आणि दुसरी धरते. मधे पापणी लवायच्या आत एक फट पडते, आणि तेवढ्यात ठोकळा सुटतो. ती फट बुजवायलाच तिसरी ओळ होती. ती लिहिणाऱ्या गाढवाला हे ठाऊक होतं. पिराजीला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

त्यानं ओळ परत भरली, चिप बसवली. "आता बसा, अक्का."

प्रेमाक्का जागची हलली नाही. "सरी, ठीक. जाळी मी ओढते. ठोकळ्याखाली हात तुमचा ठेवा, अण्णा."

सगळी शेड बघत उभी राहिली. पिराजीनं हात ठेवला, पण डावा. सोन्याचा उजवा हात त्यानं खिशात घालून ठेवला होता.