भाऊला समुद्र पाहायचा होता

भाऊला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा त्याचा डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता. दुखलं नाही, खुपलं नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही. पेरणीत तासं वाकडी पडायला लागली तेव्हा त्यानं बैलांना शिव्या घातल्या. मग एकदा बांधावरच्या बोरीची फांदी सरळ तोंडावर आली आणि तिचा ओरखडा कपाळभर उमटला, तेव्हा मी त्याला अकोल्याला बोलावून घेतलं. माझं सासर अकोल्याचं. भाऊ आमच्या माहेरच्या गावी, भातकुलीजवळ. आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे तो, वहिनी आणि त्यांचा मुलगा.

डॉक्टरांनी यंत्रावर त्याची हनुवटी टेकवून बराच वेळ तपासलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, उरलेलं जितकं टिकवता येईल तितकं टिकवू. उजव्या डोळ्याचंही कडेचं गेलं होतं, मधलं तेवढं शिल्लक होतं.

"नळीतून पाहिल्यासारखं दिसत असेल," डॉक्टर म्हणाले.

"हो साहेब, तसंच दिसते," भाऊ म्हणाला. "मले वाटे, म्हातारपनी सगळ्याइलेच तसं दिसत असन."

बाहेर आलो. दवाखान्यासमोर रसवंती होती, तिथे बाकावर बसलो. मला वाटलं, आता हा रडेल किंवा उठून चालायला लागेल. त्यानं रसाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "बाई, तुही पोरगी वापीले राह्यते ना? तिथून समुद्र किती दूर हाये?"

"जवळच आहे. दमण आहे तिथे. कावून?"

"मले पाह्याचा हाये. म्या कधी पाह्यलाच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "अन् घरी काही सांगू नोको. थेंब टाका लागतात, इतकंच सांग."

पावसाळा संपला, तूर फुलावर आली, तेव्हा आम्ही निघालो. सुरतेच्या गाडीनं सुरत, तिथून वापी. मुलीला कामावर सुट्टी मिळाली नाही, म्हणून सकाळी आम्ही दोघंच रिक्षानं दमणला गेलो. मोटी दमण म्हणजे खाडीच्या काठावर, समुद्राला लागून, तटाच्या आत वसवलेलं पोर्तुगीजांचं जुनं शहर. रिक्षावाल्यानं दरवाजासमोर सोडलं. दगडी कमान, दोन्ही बाजूंना जाड काळवंडलेली भिंत, भिंतीच्या फटींतून उगवलेले पिंपळ.

भाऊ कमानीखाली थांबला. त्याला पूर्ण कमान एकदम दिसत नव्हती. त्यानं मान वर केली, डावीकडे नेली, मग हळूहळू उजवीकडे आणली, जसं कुणी भिंतीला पोतेरं फिरवावं. मग हात लावून दगड चाचपला.

"आपल्या अमरावतीच्या परकोटासारखंच हाये," तो म्हणाला. "पन इथं गर्दी नाही व. खोलापुरी गेटातून बाबा सायकल काढत तं मी पाय वर घेऊन बसो, कोनाले लागतीन म्हनून."

खरंच गर्दी नव्हती. आत रुंद रस्ते, मोठाली झाडं, सरकारी कचेऱ्या, झाडांखाली उभ्या मोटरसायकली. शिक्क्याच्या कागदासाठी आलेली माणसं कट्ट्यावर बसली होती. चारशे-साडेचारशे वर्षांच्या भिंतींच्या आत लोक उत्पन्नाचे दाखले काढत होते. मला वाटलं होतं, पाहण्यासारखं काहीतरी वेगळं असेल, आणि आधी तहसीलच लागली. भाऊला मात्र सगळंच पाहायचं होतं. खिडकीचे रंगवलेले गज, दारावरचा कोरलेला क्रूस, पडक्या मठाच्या भिंतीवरची शेळी. प्रत्येक गोष्टीसमोर तो उभा राही, नळी तिच्यावर लावी आणि पुरेसं पाहून झाल्याशिवाय हलत नसे. मी घाई केली नाही.

ऊन चढलं तेव्हा आम्ही चर्चमध्ये शिरलो. बाहेर डोळे दिपवणारा उजेड आणि आत एकदम गार अंधार. मलाही क्षणभर काही दिसलं नाही, मग समोरचं सोनेरी लाकडी कोरीवकाम हळूहळू उगवून आलं, आणि मी म्हटलं, "भाऊ, पाह्य, किती सुंदर आहे."

 माझं मनगट त्यानं इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"बाई, मले काहीच दिसून नाही राहिलं."

"थांब. उन्हातून आलो आपण. होईल."

"नाही व. काहीच नाही. तू कुठं हायेस?"

मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याच्या हातात माझं मनगट होतं. तरी त्यानं हे विचारलं, आणि तो आवाज माझ्या भावाचा वाटला नाही. लहानपणी नदीच्या पुरात मला खांद्यावर घेऊन पलीकडे नेणारा हा माणूस. मी त्याला बाकावर बसवलं. तो बसला, पण अर्धवट, उठून पळायचं असल्यासारखा.

पुढे मेणबत्त्यांची घरं पुसत एक म्हातारी बाई होती. फ्रॉक घातलेली, केसांचा बारीक अंबाडा. ती फडकं हातात घेऊनच आली. "बैठो, बैठो," ती म्हणाली, "धूप में से आते हैं तो सबको ऐसा होता है." तिनं पाणी आणून दिलं. भाऊनं पेला घेण्यासाठी हात पुढे केला तो भलतीकडे गेला. तिनं पाहिलं. मग काही न विचारता त्याचा हात धरून पेला त्याच्या बोटांत दिला आणि आमच्या मागच्या बाकावर बसून राहिली. प्रार्थना म्हणत होती की नुसती बसली होती, कळलं नाही.

बऱ्याच वेळानं भाऊ म्हणाला, "खिडकी दिसून राहिली." मग म्हणाला, "चाल, बाहेर चाल." सोनेरी कोरीवकाम त्यानं पाहिलं नाही. निघताना बाईकडे तोंड करून हात जोडले, ती होती तिच्या जराशा डावीकडे.

तटावर चढायला दगडी उतार होता. मी पुढे, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. वर पोचलो, वारा लागला, आणि मी समुद्राकडे पाहिलं.

समुद्र नव्हता. दीपगृहाच्या पलीकडे लांबवर नुसता काळा चिखल पसरला होता. होड्या कुशीवर कलंडलेल्या, दोऱ्या चिखलात. फार दूर एक चकचकीत रेघ. भर ओहोटी होती.

भाऊनं मान इकडून तिकडे फिरवली. पुन्हा फिरवली.

"हा समुद्र?"

"पाणी गेलं आहे. येईल परत."

"बाप्पा," तो म्हणाला, "इतक्या दूर येऊन वावरच पाह्याचं होतं तं घरीच होतं ना." आणि तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. मीही हसले, हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं. आज निदान ते त्याला दिसणार नव्हतं.

आम्ही तटाच्या सावलीत बसलो. मुलीनं दिलेल्या पोळ्या आणि ठेचा काढला. खाता खाता तो बोलायला लागला. चर्चमधलंच त्याच्या मनात होतं.

"ते तसंच असते काय, बाई? सगळं गेल्यावर?"

"मला नाही ठाऊक, भाऊ."

"मले वाटलं होतं, हळूहळू जाईन तं सवय होईन. पन तसं नाही. मी घाबरलो." त्यानं पोळीचा तुकडा हातातच ठेवला. "बैल मले वावरात नेतीन. पन मंग मी वावरात करू काय? बसून राहू धुऱ्या-बांधावर? अन् तुही वहिनी... तिले म्या सांगतलंच नाही. ती रोज थेंब टाकते, अन् इचारते, फरक पडला का. मी म्हनतो, पडून राहिला."

"सांगून टाक तिला."

"तू सांग."

"मी नाही सांगणार. तुझी बायको आहे, तू सांग."

त्यानं हातातला तुकडा खाऊन टाकला. मला वाटलं, विषय संपला. पण त्यानं खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "लावून दे."

मी लावून दिला. उठून बाजूला जावं असं मनात होतं, पण त्यानं माझा हात सोडला नाही. वहिनीचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. पोचले का, जेवले का, समुद्र कसा आहे.

"आयक," भाऊ म्हणाला. "डोये नाही राहनार माहे. डाक्टर पह्यलेच म्हनले. थेंबानं काही होनार नाही, फक्त जरा उशीर होईन."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.  मग वहिनी म्हणाली, "आता किती दिसते?"

"समोरचं. थोडंसं."

पुन्हा कोंबड्या. "बरं," वहिनी म्हणाली. "गाडी कधी पोचते? पोराले बडनेऱ्याले पाठवतो." आणि फोन ठेवून दिला.

भाऊ फोनकडे बघत राहिला. मी म्हटलं, तिलाही जरा वेळ लागेल. तो म्हणाला, "हो."

भरती कधी सुरू झाली ते कळलं नाही. बोलून वर पाहिलं तेव्हा होड्या सरळ उभ्या राहायला लागल्या होत्या. आम्ही तट उतरून दीपगृहाच्या बाजूनं खाली किनाऱ्यावर गेलो. पाणी गढूळ, पुराच्या पाण्यासारखं, पण त्याला अंत नव्हता. चपला काढून भाऊ घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. पुन्हा त्याची मान फिरायला लागली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मला एका नजरेत जे दिसत होतं ते तो तुकड्यातुकड्यानं जोडत होता.

"कुठपासून कुठपर्यंत हाये?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. डावीकडे ताडाची झाडं संपतात तिथपासून, उजवीकडे खाडीच्या तोंडापर्यंत, पलीकडच्या काठावर दुसरा किल्ला. समोर काहीच नाही. मध्ये एक होडी, पाठ आपल्याकडे.

"समोर काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यानं वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. आमच्याकडे खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागतं ते खारट, पिकालाही चालत नाही. त्यानं तोंड वाकडं केलं. "आपल्या विहिरीपेक्षा खारं हाये," म्हणाला, आणि तोंड पुसून पुन्हा समोर पाहायला लागला. रिक्षा मिळेनाशी होईल म्हणून मी हाक मारीपर्यंत तो तिथेच होता.

त्यानंतर उजवा डोळाही गेला, डॉक्टर म्हणाले होते त्याच्याही आधी. ते वर्ष वाईट गेलं. भाऊ कुणाशी बोलत नसे, माझा फोनही घेत नसे. ताटात काय कुठे आहे हे सांगितलेलं त्याला खपत नसे. एकदा त्यानं ताटच लोटून दिलं. वहिनीनं ते उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हाताला धरून वावरात नेलं. तो नको म्हणत होता तरी नेलं. अजूनही रोज नेते. तुरीच्या शेंगा भरल्या की नाही ते तो हातानं सांगतो. कधी चुकतो, मग दोघं भांडतात.

यंदा भाऊबीजेला मी गेले होते. पाटावर बसवलं, टोपी घातली, ओवाळायला ताट उचललं, तेव्हा तो म्हणाला, "जरा जवळ आन."

मी ताट त्याच्या तोंडाजवळ नेलं. त्यानं मान हळूच फिरवली, एकदा, दोनदा.

"हाये," तो म्हणाला. "उजेड हाये."

मग मी ओवाळलं. वहिनीनं करंज्या आणल्या, आणि यंदा कापूस कधी वेचायला काढायचा यावरून त्यांचं पुन्हा सुरू झालं.