कटल्याचं जेवण वर की खाली?

मायक्रोस्कोपखाली पहिला थेंब ठेवला आणि मी ओरडलेच, "अरे बापरे!" काचेवर नुसती जत्रा भरली होती.

प्राणीप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, टाचणीच्या टोकाएवढे जीव. कटला मासा त्यांच्यावरच वाढतो. भंडारा जिल्ह्यातल्या एका धरणात ते कुठे, कोणत्या ऋतूत, किती असतात, हे मी कॉलेजतर्फे मोजत होते. पावसाळ्यात गढूळ, वाहत्या पाण्यात ते विरळ होतात. पाणी निवळलं की वाढतात. पण आता पाणी निवळलं तरी भिंतीजवळचे सॅम्पल रिकामेच! आणि मासेमारांची सोसायटी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, तिथेच सोडायची. कारण काय, तर ट्रक तिथपर्यंत जातो. दोन वर्षं कटला वाढलाच नव्हता.

"यंदाबी असंच झालं तं डोंगा इकतो अन् नागपूरले वॉचमनकी करतो," माझे नावाडी गोपाळभाऊ म्हणाले होते. ते स्वतः सोसायटीचे मेंबर. बोटुकलीचा ट्रक शनिवारी येणार होता.

बुधवारी मला परीक्षेची ड्युटी लागली. गोपाळभाऊंना फोनवर सांगितलं, "बारीक जाळी वर एकदा ओढा, खाली एकदा. दोन डबे पाठवा." आता 'वर' चिठ्ठीच्या डब्यात ही जत्रा आणि 'खाली'चा जवळपास रिकामा. प्लवक दिवसा उजेड टाळून खोल जातात, असं पुस्तक सांगतं. आमचे उलटेच! मी धावतच एचओडी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, यावर रिसर्च पेपर होईल!"

"आधी स्वतः बघून या," सर म्हणाले.

गुरुवारी सकाळच्या एसटीने धरण गाठलं. भिंतीजवळ पृष्ठभागावर जाळी ओढली. काही नाही. परत ओढली. काही नाही. माझं डोकंच फिरलं.

"गोपाळभाऊ, काल वरचं पाणी इथूनच घेतलं ना?"

"इथून कायले? वर म्हनलं तं वर गेलो. नदी शिरते तिकडं. दीड घंटा वल्हं मारलं, हात भरून आले."

"आणि खालचं?"

"खालचं हे, भिंतीपाशी. तुमीच तं म्हनलं, मॅडम!"

मी कपाळावर हात मारला. माझं वर-खाली उभं, पाण्याच्या खोलीचं; त्यांचं आडवं, नदीच्या प्रवाहाचं! आणि मग लख्खकन लक्षात आलं. कटल्याचं जेवण धरणात होतं, फक्त दुसऱ्या टोकाला होतं.

"चला वर!"

तिथे उथळ पाण्यात, बुडालेल्या झाडांमधून जाळी ओढली. डबा उन्हात धरला तर साध्या डोळ्यांनी वळवळ दिसत होती. मी नाचायचीच बाकी होते.

"बसा मॅडम, डोंगा पलटन!"

सोसायटीचे अध्यक्ष संध्याकाळी म्हणाले, "तिकडं ट्रक जात नाही."

"ट्रक नाही जात, आपन तं जातो ना?" गोपाळभाऊंनी विचारलं आणि अध्यक्षांनी डोंगे मोजायला घेतले. शनिवारी बोटुकलीचे ड्रम डोंग्यांवर चढले. दिवसभर खेपा घातल्या सगळ्यांनी.

पुढच्या उन्हाळ्यात गोपाळभाऊ दोन्ही हातांत न मावणारा कटला घेऊन थेट स्टाफरूममध्ये आले. "वॉचमनकी क्यान्सल!" मी सगळ्या स्टाफला गोळा करून तो मासा दाखवला.

माझा पेपर बुडाला तो बुडालाच. धडा एवढाच की सूचना मोघम देऊ नये. आता मी फॉर्मवर 'पृष्ठभाग' आणि 'तळ' असं स्पष्ट छापून घेतलं आहे. पहिला फॉर्म गोपाळभाऊंनी नीट वाचला आणि विचारलं, "मॅडम, हे पृष्ठभाग कोन्त्या गावाजवळ येते?"