प्लास्टिकचे पान

जळक्या प्लास्टिकचा वास आज पंचावन्नाव्या वर्षीही मला सहन होत नाही. सावेडीत घराजवळ सकाळी कोणी कचरा पेटवला तर मी खिडकी लावून घेतो. पत्नी म्हणते, तुमचे नाक फार नाजूक आहे. ते खरे नाही. मला किळस येते ती माझीच.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास माझ्या मामाच्या ऑर्केस्ट्रात मी क्लॅरिनेट वाजवीत असे. लोक मात्र येत ते ड्रमवाल्या मास्तरांसाठी. आधी जत्रेतली हलगी, मग लग्नाच्या बँडमधला ड्रम आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर विलायती ड्रमसेट. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी जिल्हा नाचवला होता. धडाक्याच्या इंग्रजी चालीवर ते हातापायांनी असे तुटून पडत की कॉलेजातली मुले बाकांवर चढत. टाळ्या त्यांना मिळत. ताट मात्र पंगतीबाहेर वाढले जाई. मी पंगतीत बसून मुकाट्याने जेवत असे.

त्या हिवाळ्यात मामाने नवा ड्रमसेट आणला. त्याची पाने, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेले पडदे, कातड्याची नव्हती, प्लास्टिकची होती. पहिलाच कार्यक्रम राजूरला होता. गारठ्याने कातडे सैल पडते म्हणून मास्तर वाजवण्यापूर्वी ते निखाऱ्यांवर शेकत, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. ते चहाला गेले असता मी आपण होऊन एक ड्रम शेकोटीवर धरला. पान क्षणभर चमकले, पापडासारखे आक्रसले आणि मधोमध भोक पडले. मी ड्रम जागेवर ठेवला आणि क्लॅरिनेट पुसू लागलो.

वासाने मामा धावत आला, पाठोपाठ मास्तरही.

"काय मास्तर, हलगी समजून शेकलं व्हय?"

"म्या हात बी न्हाई लावला, मालक."

"मग काय भुतानं शेकलं? रक्तातली खोड जाती व्हय कुठं!"

बाकीचे वादक हसले. मामा माझ्याकडे वळला. "तू हितंच हुतास. कुणी केलं?"

"मी क्लॅरिनेट पुसत होतो," मी म्हणालो.

वाक्य खोटे नव्हते. त्यातले सर्वांत ओंगळ हेच.

मास्तरांनी माझ्या काजळलेल्या बोटांकडे पाहिले आणि भोक पडलेला ड्रम उचलून बाजूला ठेवला. त्या संध्याकाळी त्यांच्या हाती खुळखुळा देण्यात आला. गुणगुणत, मान खाली घालून त्यांनी तो वाजवला. पुन्हा ते ऑर्केस्ट्रात आले नाहीत. मी मात्र वाजवीत राहिलो.

सात-आठ वर्षांनी तिसगावला एका लग्नात ते भेटले. वरातीपुढे वाजवायची हलगी ते उसाच्या पाचटाच्या जाळावर शेकत होते. मला पाहताच त्यांनी ती पुढे केली.

"या भाचेसाहेब, शेका. कातडं हाय, वितळत न्हाई."

त्यांचे सोबती हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. मी हलगी शेकू लागलो. माफीचे शब्द ओठांपर्यंत आले होते.

"बास," म्हणत त्यांनी ती काढून घेतली, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि ते वरातीपुढे निघून गेले.

वरात पोहोचल्यावर तरी बोलायचेच, असे ठरवून मी शेवटपर्यंत मागे चालत गेलो. मांडवात पोहोचलो तेव्हा मास्तरांची आणि त्यांच्या सोबत्यांची ताटे बाहेर, उकिरड्याच्या बाजूला मांडली होती. आत पंगतीत एक पाट रिकामा होता. कोणीतरी "या, बसून घ्या" म्हणाले, आणि मी बसलो.