कमरेवरची खळी

मी त्यांच्या दिवाणावर बसले होते, आणि ओलं झालं.

सातवीत होते. मला कळलंच नाही. लघवी लागल्याचं इतरांना आधी कळतं, मला झाल्यावर कळायचं. मांडीखाली गरम लागलं तेव्हा मी खाली पाहिलं. पांढरी चादर होती, कडेला भरतकाम.

आई त्या घरच्या बाईंना वहिनी म्हणायची, मी काकू. मालिश मध्येच थांबवून दूध बघायला गेलेल्या त्या स्वयंपाकघरातून आल्या. आधी चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऊठ. आणि आहेस तिथेच उभी राहा. हलायचं नाही."

त्यांनी रद्दीतले पेपर आणले. दिवाणापासून दारापर्यंत एकापुढे एक अंथरले.

"पेपरवरूनच चाल."

मी चालले. माझा डावा पाय घासत पडायचा, त्याने एक पेपर फाटला. फरशीला माझं पाऊल लागलं. काकूंच्या तोंडून 'च्च' निघालं. चादरीसाठी निघालं नव्हतं, फरशीसाठी निघालं.

आतल्या खोलीतून आई आली. तेलाचे हात वर धरलेले. आई मालिशवाली. बाळ-बाळंतिणीची अंगं चोळायची, आणि बाळंतपणं नसतील तेव्हा बायकांच्या दुखऱ्या कमरा.

"अहो शांताबाई, एवढी घोडी झाली तुमची मुलगी. दुपटं बांधून आणत जा," काकू आईला म्हणाल्या.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला रेवा नाचाचा सराव करत होती. काकूंची मुलगी, माझ्याहून तीनेक वर्षांनी लहान. घुंगरू थांबले. ती हसली नाही, हे सांगायला हवं. फक्त थांबली. मी दाराबाहेर पडले आणि घुंगरू परत सुरू झाले.

आईने चादर धुतली. मग हात पुसून काकूंची राहिलेली कंबर चोळली. तोवर मी जिन्यात ओल्या स्कर्टने उभी. वर जाणारे-येणारे माझ्याकडे बघत नव्हते, जिन्याकडे बघत होते.

आमचं घर बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर. वडील मार्केट यार्डात हमाल. पोती वाहून त्यांच्या कमरेची गादी सरकली होती, तरी पट्टा आवळून जायचे. आई दिवसभर वाकलेली. आमच्याकडे कंबर म्हणजे कमाई. कंबर दुखते ही आमच्या घरात तक्रारच नव्हती. मी म्हटलं, पाठ दुखते, की वडील हसायचे. "कुणाची दुखत नाही? ज्याची दुखत नाही त्याला आण इकडं, बघू." मी म्हटलं, डावी चप्पल पायात राहत नाही, की आई चपलेला मागून नाडी बांधून द्यायची. डावं पाऊल उजव्याहून लहान राहिलं होतं, बोटं आत वळायला लागली होती. आमच्याकडे त्यावर इलाज नाडी. शाळेत त्यावर नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही.

मला त्या घरात जायला आवडायचं नाही, आणि गेल्याशिवाय राहवायचंही नाही. रेवाचे पाय बघायला जायचे मी. सरळ, सारखे, दोन्ही एका मापाचे. ती टाच आपटायची तर फरशी वाजायची. माझी टाच आपटायची म्हटलं तर पाय कुठे पडेल ते मला सांगता आलं नसतं. तिच्या घराचा, फ्रिजचा, कपड्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. पायांचा वाटला. आणि तिच्या कोरड्या फ्रॉकचा. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, हिचा एक पाय तरी वाकडा व्हावा. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

मी बारावीत असताना रेवाचा नाचाचा मोठा कार्यक्रम होता. तिच्या पिंढऱ्या चोळायला आईला बोलावलं होतं. मी तेलाची बाटली धरायला. रंगमंचामागच्या खोलीत रेवा कपडे बदलत होती, पाठ माझ्याकडे. कमरेच्या खाली, बरोबर मध्यावर, एक रेघ होती. बारीक, फिकट, सरळ.

"हे काय गं?"

"ते? ऑपरेशन. लहान होते मी, आठवत पण नाही. तिथे खोल डिंपल होता, आणि केस. मम्मा म्हणते, केलं नसतं तर पाय गेले असते." मग सहज म्हणाली, "शांताबाईंनीच तर दाखवलं होतं मम्माला."

माझा हात आपोआप मागे गेला. कुडत्याच्या आत. माझ्या त्याच जागी खळी होती. बोटाचं पेर आत जाईल एवढी, भोवती राठ केस. ती मला इतकी ठाऊक होती की ती कुणाला सांगायची गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी रेवा नाचली. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिच्या टाचा बघत होते. आता मला माहीत होतं, त्या टाचा कुठून आल्या.

घरी येताना स्वारगेटच्या स्टॉपवर मी आईला धरलं.

"तू रेवाची खळी दाखवलीस. माझी?"

आई बसची पाटी वाचत असल्यासारखं करू लागली. आईला वाचता येत नाही.

मग बोलली. बाळाच्या अंगावरची लव काढायला मालिशवाल्या कणकेची गोळी फिरवतात, तेल-हळद लावून. रेवाच्या कमरेवरचा झुपका काही केल्या निघेना. आईला वाटलं, वहिनी म्हणतील, हिला काम येत नाही. बोल लागायच्या आधी आपणच सांगावं म्हणून तिने दाखवलं. "म्हणलं, वहिनी, या खळीतली लव निघत नाही. माझ्या पोरीच्या खळीत पण अशीच होती. तिची मी रोज चोळून चोळून काढली, परत आली तर परत काढली."

"म्हणजे माझं पण सांगितलंस?"

"सांगितलं ना. त्या रेवाला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. मग ऑपरेशन ठरलं. तेव्हा मी विचारलं, माझ्या पोरीला पण दाखवू का कुठं?"

"काय म्हणाल्या?"

आईने पदराने तेलकट बोटं पुसली.

"म्हणल्या, 'तुमच्यात काही होत नाही हो शांताबाई. तुमची हाडं कष्टाची. आमचीच मुलं नाजूक.'"

"आणि तू ऐकलंस."

"त्या शिकलेल्या. मला तर बरंच वाटलं. वाटलं, चला, आपली पोर मजबूत."

बस आली, आम्ही चढलो नाही.

रेवाची खळी दाखवली तेव्हा मी तीन वर्षांची होते. पाय सरळ होते माझे. कपडे कोरडे होते. एकाच घरात दोन बायका दोन पोरींच्या एकाच खळीबद्दल बोलल्या, आणि त्यातली एक पोर दवाखान्यात गेली. दुसरीला मजबूत म्हणून घरी ठेवलं. आणि त्याच बाईने पुढे मला पेपरवरून चालवलं. तिला माहीत होतं. दिवाण का भिजला हे त्या घरात कुणाला सुचायला हवं होतं तर तिलाच.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. काकूंनी दार उघडलं.

"शांताबाई नाही आल्या?"

"नाही. मी आलेय. रेवाच्या पाठीची कोणती तपासणी केली होती, ते सांगा."

"आता मध्येच काय त्याचं?"

"मलाही तशीच खळी आहे. तुम्हाला माहितीये."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगली चालतेस की. उगाच प्रत्येक गोष्टीत रेवाची बरोबरी करायची नसते गं."

"बरोबरीच करायची आहे," मी म्हटलं.

आणि आत जाऊन दिवाणावर बसले. चादर नवीन होती. भिजली असती तर भिजली असती. बसलेलं माणूस पडत नाही, म्हणून बसले. काकू दारातच. दार उघडंच. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी डोकावल्या.

"अहो, काय हा तमाशा? ऊठ आधी."

"तपासणीचं नाव सांगा, उठते."

त्या समोरच्या आजींकडे बघून हसल्या. मग दात आवळून म्हणाल्या, "एमआरआय. कमरेचा. झालं समाधान?"

मी उठले. गालिच्याच्या मधून चालत दाराबाहेर पडले.

सरकारी हॉस्पिटलात आधी एका तरुण डॉक्टरने वर न बघताच विचारलं, "कंबर दुखते? कॉलेजला जातेस ना? सॅक जड असेल." मी खुर्चीवरून उठले, त्याच्याकडे पाठ केली आणि कुडता वर केला. त्याचं पेन थांबलं. त्याने मोठ्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. मॅडमनी खळी पाहिली, पाऊल पाहिलं, पायाच्या तळव्याला टाचणी लावली. मला कळली नाही.

एमआरआयनंतर त्यांनी समजावलं. मज्जारज्जू खालच्या टोकाला चिकटून राहिलेला. मूल उंच होतं, तो वर सरकू शकत नाही, ताणला जातो. पाय आणि लघवी, दोन्हीच्या नसा तिथल्याच. "सगळ्या खळ्या वाईट नसतात," त्या म्हणाल्या. "बहुतेक साध्याच असतात. पण वरच्या बाजूला असेल, खोल असेल, केस असतील, तर लहानपणीच बघायचं असतं. इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

आई खाली बघू लागली. मी म्हटलं, "इथेच. बिबवेवाडीत."

ऑपरेशन झालं. चिकटलेलं सोडवलं. आधीच सांगितलं होतं, गेलेलं परत येईल असं धरू नका, पुढचं जाणं थांबेल. तसंच झालं. पाठदुखी गेली. पाऊल होतं तेवढंच वाकडं राहिलं. लघवीचा ताबा आला नाही. मी ठरल्या वेळी स्वतः नळी घालून लघवी काढते. पर्समध्ये नळी असते, जसा इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा. ऑफिसात एकीने विचारलं तेव्हा तिला दाखवली. तिने परत विचारलं नाही.

मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. विम्याच्या ऑफिसात आहे. दिवसभर खुर्चीवर बसते. माझी खुर्ची कोरडी असते.

रेवा परदेशात नाचते. तिचे व्हिडिओ येतात. मी सगळे बघते, एकालाही लाइक करत नाही. मैत्रीण म्हणते, सोड ना आता, हेवा वाईट. तिचं ती बघेल. माझ्या वाट्याला जे आलं ते नशीब असं मी म्हटलं असतं, तर आजपर्यंत पाय पूर्ण जाऊन बसूनच राहिले असते. हेवा वाटला म्हणून मला कळलं, हे माझंही असायला हवं होतं. तो मी सोडणार नाही.

मागच्या वर्षी भावाला मुलगी झाली. आईने मांडीवर पालथी घेतली, तेलाचा हात फिरवला आणि थांबली. कमरेखाली खळी. आईने शेजारची कणकेची गोळी उचलून लांब ठेवली. मला हाक मारली. भाऊ म्हणाला, "अगं, गोड दिसते, खळी तर आहे." मी म्हटलं, "रिक्षा बोलाव." लहान बाळाची हाडं कोवळी असतात तोवर साध्या सोनोग्राफीत दिसतं. दिसलं. खळी साधी होती, आत सगळं ठीक.

डॉक्टर म्हणाले, "उगाच घाबरलात." मी म्हटलं, "हो. आम्हालाही उगाच घाबरता यायला हवं."

आई अजून कामं घेते, बंगल्यात आणि वस्तीतही. कुठलंही बाळ हातात आलं की आधी पालथं करते. खळी असली तर सांगते, डॉक्टरला दाखवा, तोवर मी कणीक फिरवणार नाही. बंगल्यात तिला लगेच हो म्हणतात. वस्तीत कुणी हसलं, आपल्यात कुठं काय होतं म्हणालं, तर ती मला बोलावते. मी जाते आणि त्यांच्या घरात बसते. ते तयार झाल्याशिवाय उठत नाही.

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक तान्ह्या बाळाची पाठ डॉक्टरने पाहिलेली आहे.