मनुबाईची मुळी

रेवदंड्यामागच्या टेकडीवरचं झाडन्झाड मनुबाईला ठाऊक, आणि गावातली प्रत्येक जाड बाईही. नावं सांगत नाही. निम्म्या माझ्याच नात्यातल्या आहेत. मागच्या दारानं येतात, मुळीच्या पुडीची पुरचुंडी पदराआड नेतात आणि पुढच्या दारी म्हणतात, "छे, मी तर नुसता भात सोडलाय!"

मुळी कसली, हे मात्र मनुबाई कुणाला सांगत नसे. औषधाचं झाड दाखवलं की गुण जातो, अशी सासूची शिकवण.

दोन वर्षांमागे आरोही आली. लठ्ठपणावर झाडपाला तपासणारी, पीएच.डी.ची पोर. दर बुधवारी बोटीनं मांडव्याला उतरून यायची.

"आजी, नुसत्या पुडीनं भागत नाही. पानाफुलासकट झाड हवं. उंदरांना काय दिलं, ते लिहायला लागतं."

"उंदीर कशापायी जाड व्हतात गो?"

"आम्हीच करतो आधी. लोणी-तूप घालून."

"मेल्यांचं नशीब बघ!"

झाड काही दिसेना. एकदा फूल यायचं होतं, एकदा वाट बुजली होती, एकदा गुडघा दुखत होता. तोच गुडघा सकाळी माझ्यादेखत टेकडी उतरला होता! बुधवारी सोड्यांचं कालवण मात्र दोघींपुरतं. लेक भाविका लग्न होऊन सुरतेला गेल्यापासून त्या चुलीपुढे दुसरं ताट नव्हतं.

"मनुबाय, गुण जायची भीती की पोर जायची?" मी चिडवलं. तिनं उलथनं उगारलं.

गेल्या पौषात आरोही आली ती रडवेली. "महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. झाड नाही तर दोन वर्षं पाण्यात, आजी."

मनुबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. "चल."

वर जाऊन वेल दाखवला, नाव सांगितलं. पोरीनं फांदी वर्तमानपत्रात दाबली, म्हातारीला मिठी मारली आणि दुपारची बोट गाठली.

उंदीर थोडे उतरले. माणसांचं अजून ठरायचंय, असं तिनं माझ्या फोनवर कळवलं. मनुबाईनं तीनदा वाचून घेतलं.

"येनार कवा, ते कुठं हाय त्यात?"

नव्हतं.

परवा बुधवारी मनुबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. "भाऊ, तिला लिवा, आनखी एक पाला हाय म्हनावं."

"कसला?"

"लिवा तुमी. पाला मी शोधीन."