टिटवी जागा सोडेना

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच कबूल करते. भाजीवाल्याच्या तराजूखाली मी वाकून बघते, आणि कुणी देवाचा अनुभव सांगायला लागलं की ‘याला आता काय हवंय’ हेच माझ्या मनात पहिल्यांदा येतं. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला बसले असताना मला माझाच भरवसा वाटत नाही. घडलं तेवढं सांगते.

पारनेरपासून थोड्या अंतरावर आमचं गाव. माझे यजमान पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरला, काठी टेकत चालू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. त्यांना ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, फक्त उत्तर देता येत नाही. दवाखाने झाले, औषधं झाली, मग मी देवाला धरलं. मारुतीच्या देवळात आमच्या बायकांचं रोज भजन असतं आणि माइक माझ्या हातात असतो. ‘यांना एक शब्द तरी बोलू दे’ एवढंच माझं मागणं. भोंगा मी मुद्दाम मोठा ठेवायची. खरं सांगायचं तर तो देवापेक्षा गावासाठी होता. ही बाई नवऱ्यासाठी किती करते ते सगळ्यांना कळावं, असं वाटायचं. देव काही उत्तर देत नव्हता. मग मला त्याच्याबद्दलही शंका येऊ लागली.

चैत्रात गहू निघाल्यावर दिरांनी रिकाम्या रानात मेंढ्या बसवल्या. लेंड्यांचं खत चांगलं, म्हणून आमच्याकडे सगळेच बसवतात. कळपाबरोबर धुळाबाबा नावाचा म्हातारा धनगर होता. आमचे हे रोज सकाळी उठून त्याच्यापाशी जाऊन बसायला लागले. यांना बोलता येत नाही, आणि तो म्हातारा मुळात बोलत नसे. दोघं बाभळीखाली तासन् तास गप्प. मला ते काही सरळ वाटेना. दोन माणसं न बोलता बसून करतात तरी काय? एकदा हळूच मागे जाऊन उभी राहिले. म्हातारा नुसतं बोट दाखवत होता: तिकडे होला घुमतोय, इकडे मेंढीच्या गळ्यातली घंटी, लांब कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार. आणि हे डोळे मिटून मान हलवत होते, सुखाने. झटका आल्यापासून त्यांचा चेहरा मी इतका निवांत बघितला नव्हता, आणि मला त्याचा चक्क राग आला. म्हटलं, हा माझ्या माणसाला भुरळ घालतोय, उद्या कशावर तरी अंगठा घेईल. घरी आल्यावर यांना बजावून सांगितलं की उद्यापासून रानात जायचं नाही. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी कुरडया घालण्यात गुंतले होते. अकराच्या सुमारास आत आले तर खाट रिकामी. मी तडक रानात गेले आणि धुळाबाबाला विचारलं, माझा माणूस कुठे नेऊन ठेवलास? “आज आलंच न्हाईत ते, बाई. मी बी वाटच बघत हुतो,” तो म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. मी त्याच्या पालात डोकावले, घोंगडी उचलून बघितली. म्हातारा बाजूला उभा राहून मला बघू देत होता. आज ते आठवलं की मान खाली जाते.

मग गाव जमा झालं. पोरं मोटारसायकली घेऊन हॉर्न वाजवत माळाकडे गेली. बांधाबांधावर माणसं हाका मारत होती. मी देवळात जाऊन भोंगा लावला. यांचं नाव मी उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्या दिवशी भोंग्यावरून शंभरदा घेतलं. एक वाजला, दोन वाजले. ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता. त्यांच्याजवळ पाणी नव्हतं. घसा बसला तरी मी ओरडत होते, आणि मधेच मारुतीलाही बोल लावत होते.

तेवढ्यात धुळाबाबा देवळासमोर आला. पायरी चढला नाही. खालूनच म्हणाला, “बाई, भोंगा बंद करा. गाड्या बी थांबवायला सांगा. समद्यांनी जरा गप ऱ्हावा.” माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की याला शोध थांबवायचाय. मी माइक सोडला नाही. तेव्हा तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला, “ज्याला बोलता येत न्हाई, त्याला हाका मारून काय हुनार?”

दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी भोंगा बंद केला. दिरांनी फोन करून पोरांना थांबवलं.

आधी नुसते कान वाजत राहिले. मग देवळाच्या शिखरातली पारव्यांची फडफड ऐकू आली. पिंपळाची पानं, कुणाच्या तरी म्हशीची साखळी. इतकी वर्षं त्या देवळात बसते, पण हे कधी ऐकलं नव्हतं. आणि मग लांब माळावरून टिटवी ओरडली. आमच्याकडे टिटवीचं ओरडणं वाईट समजतात. मला वाटलं, हेच ऐकवायला या म्हाताऱ्याने सगळ्यांना गप्प केलं.

तो मात्र कान देऊन उभा होता. मग म्हणाला, “कुत्रं आलं तर ती त्याच्या मागं मागं जाती. ही जागा सोडंना. तिच्या अंड्यांपाशी कुनीतरी बसलंय. थांबती आन पुन्ना वरडती, म्हंजी ते मानूस हालतंय. जितं हाय, बाई.”

आम्ही निघालो. माळावर पाणी मुरवायला खणलेले चर आहेत, एकामागे एक. वर चढल्यावर धुळाबाबाने हात वर केला. माझ्या तोंडात यांचं नाव आलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत होती. आणि तिच्या ओरडण्याच्या मधे, खालून, बारीकसा आवाज आला. टक. टक.

हे एका चरात घसरून पडले होते. पाय मुरगळला होता, ओठ फुटले होते. चार पावलांवर खड्यांत टिटवीची अंडी होती. बाभळीखाली जायला मी मना केलं होतं, म्हणून पाखरांचे आवाज ऐकत बसायला हे एकटेच इकडे आले होते. समोरच्या दगडावर पांढरे ओरखडे उठले होते आणि हातातल्या काठीचं टोक चेचून गेलं होतं. मी पाणी पाजलं. यांनी देवळाच्या दिशेने बोट केलं आणि काठी दगडावर आपटून दाखवली. धुळाबाबा त्या दगडावरून हात फिरवत म्हणाला, “तुमी हाक मारली की ते वाजवीत हुते. दर हाकंला.”

मी तिथेच चरात बसून रडले. शंभरदा नाव घेतलं होतं, आणि शंभरदा त्यांनी ओ दिली होती.

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं, पाय बरा झाला. मी धुळाबाबाची माफी मागितली. तो म्हणाला, मानूस घरला आलं न्हवं का, मग झालं. महिनाअखेरीला मेंढ्या पुढच्या गावाला गेल्या.

यांची वाचा अजून आलेली नाही. हा चमत्कार होता असं मी म्हणणार नाही. टिटवी अंड्यांसाठी रोजच ओरडते. पण तो म्हातारा त्याच आठवड्यात आमच्याच रानात कसा, याचं उत्तर माझ्या संशयी डोक्याला सापडत नाही, आणि ते शोधायचं मी आता सोडून दिलंय. देवा, त्याला धाडलंस त्याबद्दल तुझे उपकार. भजन झालं की बाकीच्या बायका उठतात, मी मागे थांबते. मागायचं ते एकदाच मागते, मनातल्या मनात, आणि गप्प बसते. दोन वर्षं तू उत्तर देत नाहीस म्हणून मी तुला बोल लावला. तू दर हाकेला काठी आपटत होतास की काय, कोण जाणे. मी ओरडतच होते.